'लघवी साफ होते का?'

सर्जरीच्या ओपीडीत बसायला लागून मला चौथा दिवस होता. नागपुरातलं एक सरकारी रुग्णालय, डिसेंबरची सकाळ, दारापासून जिन्यापर्यंत गेलेली रांग. नरखेडकडचे एक संत्रा बागायतदार आले. वय साठीच्या आसपास, खांद्यावर दुपट्टा. केसपेपरवर तक्रार लिहिली होती कंबरदुखीची. मी कंबरेचं सगळं विचारलं. कधीपासून, पायात कळ जाते का, वाकल्यावर वाढते का. मग शेवटी, जसं सगळेच विचारतात तसं विचारलं,

"काकाजी, लघवी साफ होते का?"

"साफ होते जी."

"आणि संडास?"

"तेबी साफ."

मी 'लघवी-शौच सामान्य' असं लिहिलं आणि पेपर सरांपुढे सरकवला. सरांनी काकाजींच्या बोटांकडे पाहिलं. तर्जनी आणि मधलं बोट टोकाला पिवळं पडलेलं. बिडी किती वर्षांपासून, असं विचारल्यावर 'मिसरूड फुटलं तवापासून' असं उत्तर आलं. मग सरांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "लघवीचा रंग कधी वेगळा दिसला होता का? लाल, नाहीतर काळ्या चहासारखा?"

"पोळ्याच्या टायमाले एकडाव लाल झाली होती. दोन दिवस. मंग आपोआप साफ झाली."

"दुखलं होतं?"

"काहीच नाही दुखलं न जी. म्हून तं बोललो नाही कोणाले. वाटलं ऊन लागलं."

मी तिथेच बसले होते. काकाजींनी मला खोटं सांगितलं नव्हतं. मी विचारलं साफ होते का, आणि त्यांची लघवी खरोखरच साफ होत होती, पोळ्यापासून. त्यांच्या लेखी साफ म्हणजे रंग. माझ्या लेखी साफ म्हणजे काय, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

मोठ्या वयाच्या माणसाच्या लघवीतून न दुखता रक्त गेलं, त्यातून तो बिडी-सिगारेट ओढणारा असेल, तर मूत्राशयाचा कर्करोग नाही हे दाखवून दिल्याशिवाय त्याला घरी पाठवायचं नसतं. रक्त एकदाच गेलं आणि आपोआप थांबलं, यात दिलासा घेण्यासारखं काही नाही. ते असंच जातं आणि असंच थांबतं. तंबाखूच्या धुरातली घातक रसायनं मूत्रपिंडातून गाळली जाऊन लघवीत उतरतात आणि लघवी साठून राहते तितके तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात, वर्षानुवर्षं. काकाजींच्या सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली. दुर्बिणीतून ती काढली, तपासायला पाठवली, आणि ती कर्करोगाचीच निघाली. स्नायूच्या थरापर्यंत पोचलेली नव्हती, हे त्यांचं नशीब. कंबरदुखीशी तिचा बहुधा काही संबंध नव्हता. कंबर दुखली म्हणून ते आले, एवढंच. त्या दिवशी पेपर माझ्याकडूनच परत गेला असता तर ते दुखण्याच्या गोळ्या घेऊन दुपारच्या गाडीने नरखेडला गेले असते.

त्या रात्री होस्टेलवर मी वहीत 'साफ' हा शब्द लिहिला आणि त्याचे अर्थ काढत बसले. रंग स्वच्छ. धार न अडकता. पूर्ण रिकामं झाल्यासारखं वाटणं. जळजळ नसणं. पुढच्या काही महिन्यांत रुग्णांनी त्यात भर घातली. एका आजींच्या मते साफ म्हणजे 'भरपूर', तर एका ड्रायव्हरच्या मते 'वास न येणारी'. एका प्रश्नात पाच-सहा प्रश्न कोंबलेले, आणि उत्तराला जागा एका शब्दाची. तो प्रश्न मी त्या दिवसापासून सोडला. आजही कुणी ज्युनिअर तो विचारताना कानावर पडला की मी हातातलं काम ठेवून तिकडे जाते.

त्याजागी काय विचारायचं, हे शिकायला मला वर्ष लागलं.

सर सांगायचे, आधी दार उघडं ठेव, मग एकेक खिडकी बघ. म्हणजे पहिला प्रश्न मोकळा : "लघवीचा काही त्रास आहे का? कसा आहे तो तुम्हीच सांगा." आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं, कारण बाहेर रांग असते आणि दर दोन मिनिटांनी कुणीतरी दारातून डोकावतं. पण माणूस लघवीबद्दल बोलायला लागतो तो पहिल्या वाक्यात नाही. पहिलं वाक्य भलत्याचंच असतं, कंबर, अशक्तपणा, झोप. दुसरं वाक्य 'बाकी काही नाही' असं असतं. आणि त्यानंतर क्षणभर थांबलं तर तिसरं येतं. मी पुष्कळदा दुसऱ्या वाक्यावरच पेन उचललं आहे.

खिडक्या त्यानंतरच्या. मी नागपुरातच वाढले, पण घरची भाषा पुस्तकी, आणि ओपीडीत येतो तो भंडारा, गोंदिया, गडचिरोली, शिवाय पलीकडचा छिंदवाडा, बैतुल आणि बालाघाट. 'लघवी' हा शब्द माझा. त्यांचा शब्द पिसाब, पेशाब, किंवा सरळ मुतणं, आणि त्यात काही वावगं नाही. बालाघाटहून आलेल्या माणसाला मी 'लघवी' म्हटलं की तो माझ्या तोंडाकडे बघतो. 'पेशाब' म्हटलं की पुढचं सगळं बोलतो. समोरच्याने जो शब्द वापरला तोच आपणही उचलायचा, चेहऱ्यावर काही न आणता, हे मी ठरवून टाकलं.

आणि काय काय शब्द होते त्यांच्याकडे! पाठ्यपुस्तकात जे इंग्रजीत रटून आले होते ते सगळं लोकांकडे आधीच होतं, जास्त नेमकं. 'सुरूच होत नाही, उभं राहा लागते.' 'धार तुटते.' 'पहिले भिंतीवर जात होती, आता पायावर पडते.' 'कुंथा लागते.' 'झालं म्हणून उठलं का अजून थेंब थेंब.' 'करून आलो तरी उरल्यावानी वाटते.' एका ओळीत सगळा अडथळा सांगून झाला की. दुसऱ्या बाजूला, 'आली का आलीच, थांबत नाही', 'दाराची कडी काढेपर्यंत लुगडं भिजते.' हा साठवणीचा त्रास. बाहेर पडायला अडचण आणि साठवायला अडचण, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची कारणं वेगळी, औषधं वेगळी. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, म्हणून दोन्हींबद्दल विचारायचं.

'दिवसातून किती वेळा जाता?' या प्रश्नाला खरं उत्तर येत नाही. कोण मोजतं? लोक आपल्याला बरं वाटावं म्हणून एक आकडा देतात. मी विचारू लागले, "काटोलहून एसटीने आलात ना? मधे उतरावं लागलं का? बसस्टँडवर उतरल्या उतरल्या आधी काय शोधलंत?" काटोल काय, भंडारा काय, साठेक किलोमीटर, दीडेक तासाचा रस्ता. ज्याला तेवढा वेळ लघवी थांबवता येत नाही, किंवा जो त्या भीतीने सकाळपासून पाणीच न पिता निघतो, त्याचं उत्तर आकड्याशिवाय मिळतं. एक काकू तर म्हणाल्या की त्या लग्नाला जाणंच सोडून बसल्या आहेत, कारण कार्यालयात बाथरूम कुठे आहे ते आधी माहीत नसतं. असा त्रास एखाद्या आकड्यात कसा मावणार?

जळजळीला आपल्याकडे 'उन्हाळी लागली' म्हणतात. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, नवतपा, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू, आणि ओपीडीत निम्म्या लोकांना उन्हाळी. बहुतेकांनी सब्जा, धन्याचं पाणी असं काहीबाही करून झालेलं असतं, आणि पाणी पोटात गेल्याने थोडं बरंही वाटलेलं असतं. पण उन्हाळी म्हणजे नुसती घट्ट पिवळी लघवी की जंतुसंसर्ग, हे त्या शब्दावरून कळत नाही. मग पुढे जावं लागतं. वारंवार जावंसं वाटतं आणि थोडी थोडी होते का? ओटीपोटात दुखतं का? लघवी गढूळ आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, थंडी वाजून ताप आला का, बरगडीखाली पाठीत दुखतं का? हे 'हो' आलं की संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असं धरायचं आणि त्या माणसाला रांगेतून बाजूला घ्यायचं.

उन्हाळ्यातच मुतखड्याचे रुग्ण वाढतात. घामावाटे पाणी जातं, लघवी घट्ट होते, क्षार बसतात. हे रुग्ण दारातूनच ओळखू येतात, कारण ते खुर्चीवर बसूच शकत नाहीत. उठतात, फिरतात, भिंतीला टेकतात, परत वाकतात. कळ पाठीतून जांघेकडे उतरते. पोटातल्या आवरणाला सूज आलेला माणूस याच्या उलट, अंग न हलवता पडून राहतो. खड्याच्या रुग्णाला मी दोन प्रश्न कधी विसरत नाही. ताप आहे का? लघवी होतेय का, की कालपासून झालीच नाही? खडा अडकलेला आणि त्यामागे संसर्ग तुंबलेला, हे तासांच्या हिशेबाचं काम आहे, तिथे सकाळच्या ओपीडीची वाट बघायची नसते.

लाल लघवीबद्दल तर आता मी पुन्हा पुन्हा वळून विचारते. सुरुवातीला लाल की शेवटी लाल की सगळीच धार लाल? सुरुवातीलाच असेल तर मूत्रमार्गातून, शेवटी शेवटी असेल तर मूत्राशयाच्या तोंडापासून किंवा प्रोस्टेटपासून (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी), आणि सगळी धार लाल असेल तर मूत्राशय किंवा त्याच्याही वरून, असा साधारण अंदाज बांधता येतो. गाठी पडतात का, आणि पडत असतील तर लांब दोऱ्यासारख्या का? तशा असतील तर त्या मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळीत तयार होऊन उतरल्या असण्याची शक्यता जास्त. टीबीच्या गोळ्या सुरू आहेत का? त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते आणि घरचे घाबरून घेऊन येतात. बीट खाल्लं होतं का? आणि विदर्भात विचारायलाच हवा असा एक प्रश्न, घरात कुणाला सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे का?

हा प्रश्न मला एका मुलीमुळे लागला. गडचिरोलीकडची, बारा-तेरा वर्षांची, अजून अंथरूण ओलं होतं म्हणून आईने आणलेली. आई दबक्या आवाजात बोलत होती आणि मुलगी जमिनीकडे बघत होती. गावात कुणी सांगितलं होतं की पोरगी आळशी आहे, उठत नाही. सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाच्या आतल्या भागात रक्तपुरवठा बिघडतो आणि लघवी घट्ट करण्याची त्याची ताकद जाते. मग पातळ लघवी भरपूर होते, दिवसाही आणि रात्रीही. याच आजारात लघवीतून रक्तही जाऊ शकतं. मी विचारलं, दिवसा पाणी खूप पिते का, हातपाय दुखतात का, रक्त चढवावं लागलं होतं का. आई एकेका प्रश्नाला मान हलवत गेली, आणि शेवटी पिशवीतून सिकलसेलच्या तपासणीचा जुना कागद काढला. तो कागद तिने सोबतच आणला होता, पण अंथरूण ओलं होण्याशी त्याचा काही संबंध असेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी मुलीला सांगितलं, यात तुझी चूक नाही, तुझी किडनी पाणी राखून ठेवत नाही म्हणून रात्री इतकी होते. तिने पहिल्यांदाच वर पाहिलं.

बायकांच्या बाबतीत शब्दांपेक्षा जागेची अडचण मोठी. आमच्या ओपीडीत एका टेबलाला दोन डॉक्टर, प्रत्येकासमोर एक रुग्ण, मागे दोघं-तिघं उभे. तिथे कुठली बाई सांगेल की खोकलल्यावर लघवी सुटते? सोबत मुलगा असतो, आणि उत्तरं तोच देतो. "आईला शुगर आहे, बाकी सगळं ठीक." मी आधी नुसतंच "तुम्ही बाहेर थांबा" म्हणायचे, त्याचा राग यायचा, आईही अवघडायची. मग एका जुन्या सिस्टरने मला मार्ग दाखवला. ती मुलाला कामाला लावायची. "दादा, हा कागद घेऊन रक्ताच्या खिडकीवर नंबर लावून या." तो गेला की पडदा ओढायचा, आणि खुर्ची समोरून काढून बाजूला घ्यायची.

आणि थेट 'लघवी गळते का?' असंही विचारायचं नाही. त्याला हमखास 'नाही' येतं. "कपडा घ्यावा लागतो का?" असं विचारलं की उत्तर येतं. एक आजी या प्रश्नावर माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "सात वर्सं झाले कपडा घेऊन राह्यली बाई. हासली का होते, खोकलली का होते. अन अंग भाईर येते." सात वर्षं. गर्भाशय खाली उतरलेलं, बसताना टोचायचं, लघवी पूर्ण व्हायला बोटाने आत सारावं लागायचं. घरात सून, मुलगी, नात, आणि कुणालाच माहीत नाही. त्या आल्या होत्या गुडघे दाखवायला.

भाजी विकणाऱ्या एका मावशी आठवतात. कॉटन मार्केटमधून पहाटे माल उचलायचा आणि दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून विकायचा. वर्षातून चार-पाच वेळा उन्हाळी, या वेळी तापासकट. आधीच्या चिठ्ठ्यांची चळत होती, दर वेळी प्रतिजैविकाचा कोर्स, दर वेळी बरं. माझ्या आधीच्या कुणीही, मीसुद्धा पहिल्या भेटीत, हे विचारलं नव्हतं की दिवसभरात पाणी किती पिता.

"पाणी कायले पिऊ मॅडम? पेलं का जा लागते. जाऊ कुठी?"

पहाटे चारला घरून जाऊन आलेल्या, मग थेट दुपारी दोनला. दहा तास. भर उन्हात, ओठ सुकले तरी चूळ भरून टाकायची, गिळायची नाही. मी त्यांना 'भरपूर पाणी प्या' असं लिहून दिलं होतं. तो सल्ला त्यांच्या कामाच्या जागी पाळता येण्यासारखाच नव्हता. आम्ही मग बसून हिशेब लावला. शेजारच्या दुकानाच्या मालकिणीकडे बाथरूम होतं, तिच्याशी बोलायचं, सकाळी नऊला आणि बाराला गाडीकडे कुणाला तरी बसवून जायचं, आणि त्या बेताने पाणी प्यायचं. याला औषध म्हणतात का, मला माहीत नाही. पण मावशींच्या आजाराचं कारण त्यांच्या त्या एका उत्तरात होतं, लघवीच्या कुठल्याही तपासणीत ते दिसलं नसतं.

तरुण मुलं माझ्याशी, बाईशी, बोलायला सर्वांत कचरतात. 'कमजोरी' म्हणून येतात. दोन-तीन प्रश्नांनंतर 'लघवीतून धात जाते', म्हणजे वीर्य जातं, असं बाहेर येतं, आणि त्यामागे मनात खूप काळ साठलेली भीती असते. मी ते हसण्यावारी नेत नाही आणि खोडूनही काढत नाही. आधी पू येतो का, जळजळ आहे का, नवे शरीरसंबंध आले का, ते विचारते, तेही सांगून की हे मी सगळ्यांना विचारते आणि कागदावर फक्त उपचारापुरतं लिहिते. धार बारीक झालेला तिशीतला माणूस दिसला की विचारायचं, कधी लघवीची नळी टाकली होती का, सायकलच्या दांडीवर किंवा कुंपणावर दोन पायांमध्ये मार लागला होता का. या वयात प्रोस्टेट सहसा वाढत नसतो, मूत्रमार्ग बहुधा आकसलेला असतो, आणि त्याचं कारण पुष्कळदा दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या अपघातात सापडतं.

रात्रीच्या ड्युटीत लघवी पूर्ण अडकलेले आजोबा येतात. पोट फुगलेलं, घाम आलेला, बोलायची ताकद नाही. तिथे आधी नळी, मग आजाराचा इतिहास. एकांच्या नळीतून अकराशे मिली निघाले, मग त्यांनी डोळे उघडले, आणि मग मी विचारलं की काल-परवा सर्दीची गोळी घेतली होती का. घेतली होती, मेडिकल स्टोअरवरून. सर्दीच्या गोळ्यांतली काही औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात, काही मूत्राशय सुस्त करतात, आणि आधीच काठावर असलेला प्रोस्टेट तेवढ्याने बंद होतो. पाठीत कळ, पायांत जोर कमी, बसायची जागा बधिर, हेही याच वेळी विचारायचं. यातलं काही असेल तर दोष मणक्यात असू शकतो, आणि मग सकाळपर्यंत थांबता येत नाही.

प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी एक ठरलेली प्रश्नावली असते. १९९२ मध्ये अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनने सात प्रश्नांची गुणपद्धती आणली, पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तीच स्वीकारून एक प्रश्न जोडला. गेल्या महिन्याभरातला त्रास, प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच गुण, एकूण पस्तीस. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस आणि त्यापुढे तीव्र. कागदावर सोपं, पण 'अर्ध्याहून कमी वेळा', 'अर्ध्याहून जास्त वेळा' या भाषेत आमच्या ओपीडीतला माणूस विचार करत नाही. मी हाताची पाच बोटं पुढे करते. "पाच वेळा गेलात, तर त्यातून किती वेळा कुंथावं लागतं?" ते माझी बोटं धरून मिटतात. थोडी गफलत होत असेल, पण उत्तर विचार करून दिलेलं असतं.

जोडलेला आठवा प्रश्न असा आहे : पुढचं सगळं आयुष्य लघवीचा हाच त्रास असाच राहिला, तर तुम्हाला कसं वाटेल? पहिल्यांदा हा मी घाईत वाचून दाखवला. समोर नागपूरच्या महाल भागातले एक निवृत्त शिक्षक होते, वय बहात्तर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझं सोडा. हिचं काय?" शेजारी त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. रात्री गुरुजी तीन-चार वेळा उठत. एकदा अंधारात पडले होते, म्हणून त्या दर वेळी सोबत उठत. दोन वर्षं.

गुरुजींना बाहेरून प्रोस्टेटच्या गोळ्या सुरू होत्या. सोनोग्राफीत प्रोस्टेट थोडा वाढलेला, या वयात बहुतेकांचा असतोच. धार बरी होती, कुंथावं लागत नव्हतं. फक्त रात्र. सरांनी मला विचारलं, "रात्री किती वेळा, ते तू लिहिलंस. प्रत्येक वेळी किती होते?" ते मी विचारलं नव्हतं.

मी गुरुजींना तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगितली. पाण्याची जुनी बाटली कापून, दवाखान्यातल्या मापाने त्यावर पेनाने खुणा करून दिल्या. वेळ, किती प्यायलो, किती झाली. पुढच्या आठवड्यात त्यांनी चौकटी आखलेला दोनरेघी कागद आणला, शाळेच्या हजेरीपटासारखा सुबक. आणि माझ्या तीन रकान्यांच्या पुढे त्यांनी आपल्या मनाने चौथा वाढवला होता : शेरा.

रात्री अकरा पाच, ३०० मिली. शेरा : सौ. जागी. रात्री एक चाळीस, ३५० मिली. सौ. जागी. तीन वीस, ३०० मिली. सौ. जागी. तिन्ही दिवस तसंच.

प्रोस्टेट अडवत असता, किंवा मूत्राशय चिडका झाला असता, तर दर वेळी थोडी थोडी झाली असती. इथे प्रत्येक वेळी मूत्राशय भरून येत होता आणि नीट रिकामा होत होता. मी बेरीज केली. दिवसाचे आणि रात्रीचे मिळून दोन लिटरच्या आसपास, त्यातली निम्म्याहून जास्त रात्री झोपल्यापासून सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंत. वयस्कर माणसात हा हिस्सा एक तृतीयांशाच्या वर गेला की रात्रीच लघवी जास्त तयार होते आहे, असं समजतात. म्हणजे विचारायची होती ती दिवसाची गोष्ट. मी गुरुजींना चपला काढायला सांगितल्या. पट्ट्याचा वळ घोट्यावर खोल रुतलेला होता, आणि बोटाने दाबलं की खळगा तसाच राहत होता. दिवसभर पायात साठलेलं पाणी रात्री आडवं झाल्यावर रक्तात परत येतं आणि लघवीवाटे निघतं. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू होतं, त्याने पायांना सूज येऊ शकते. शिवाय कुणी सांगितलं म्हणून झोपताना दोन तांबे पाणी. 'पाय सुजतात का?' हा प्रश्न लघवीच्या इतिहासात कुठे बसतो, हे मला तोवर कळलं नव्हतं.

त्यांना मेडिसिनच्या ओपीडीत पाठवलं. तिथे हृदय आणि मूत्रपिंड तपासली, दोन्ही ठीक होती. रक्तदाबाची गोळी बदलली. दुपारी जेवणानंतर तासभर पाय उशीवर ठेवून पडायचं, संध्याकाळी सातनंतर पाणी लागेल तेवढंच, एवढं सांगितलं.

संत्र्याच्या बागेचे काकाजीही त्याच सुमारास तीन महिन्यांच्या दुर्बीण तपासणीला आले. बिडी सोडलेली. मी काही विचारायच्या आत खुर्चीवर बसत म्हणाले, "लाल नाही जी. जळत नाही. धार बरी हाय. अन रातच्याले एकडाव उठतो." चार वाक्यं, चार वेगळी उत्तरं. मी ती जशीच्या तशी केसपेपरवर उतरवली.

गुरुजी दीड महिन्याने आले, तसाच आखलेला कागद घेऊन. मी आकड्यांच्या आधी चौथा रकाना पाहिला. पहिल्या दिवशी : रात्री दोन वेळा, सौ. एकदा जागी. दुसऱ्या दिवशी : रात्री एक वेळ, पहाटे. शेरा : सौ. झोपेत. उठवले नाही.